घराचा उंबरठा आणि सरकारचा हवालदार

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या निवडक प्रश्नांची उत्तरे जोडली आहेत.)



आजचा विषय ऐकायला जड वाटतो. सरकार धर्माच्या नावाने माणसाच्या रोजच्या जगण्यात हात घालतं तेव्हा काय होतं, आणि त्यातून लोकांत असंतोष कसा पेटतो, याबद्दल मला बोलायचं आहे. पण पनवेलमध्ये बोलायचं आहे म्हटल्यावर मला सुरुवात सोपी झाली. कारण तुमच्या गावात बेने इस्रायल समाजाचं बेथ एल सिनेगॉग आहे. १८४९ सालचं. तुमच्यापैकी कित्येकजण त्याच्यावरून रोज जात असतील.

या बेने इस्रायल मंडळींना आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांमध्ये काय म्हणत असत? शनवार तेली. तेलाचा घाणा चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. शब्बाथ पाळायचे. मराठी बोलायचे, मराठी कपडे घालायचे, आडनावं गावावरून, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. आणि शनिवारी मात्र काम नाही. शेकडो वर्षं हे चाललं. या काळात या किनाऱ्यावर सिद्दी आले, आंग्रे आले, पेशवे आले, इंग्रज आले. पण 'तुमचा घाणा शनिवारी चालूच राहिला पाहिजे' असं सांगायला कुणाचा शिपाई आला नाही, आणि 'शनिवारी बंद ठेवतोस की नाही ते बघतो' म्हणूनही कुणी आलं नाही. गावाने काय केलं? एक नाव ठेवलं आणि तेल शुक्रवारी नेऊन ठेवलं. संपला विषय.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय. धर्म म्हटला की बंधनं आलीच. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद होतं, श्रावणात मासळीबाजार थंडावतो, कुणी एकादशी करतो, कुणी रोजे ठेवतो, कुणी लेंटमध्ये मटण सोडतो, कुणी पर्युषणात उपास करतो. ही बंधनं माणूस स्वतःवर घालून घेतो आणि त्यात त्याला समाधान मिळतं. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. नियम धर्माचा असणं वेगळं, आणि त्या नियमाच्या मागे सरकारचा हवालदार उभा राहणं वेगळं. हवालदार आला की नेमकं काय बदलतं, ते आज आपण तीन उदाहरणांवरून बघू. तिन्ही आपल्याच मुलखातली आहेत.

मीठ घालून भात शिजवा

पहिलं उदाहरण गोव्याचं. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. मधली चारेक वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. अडीचशे वर्षं! आपण त्याबद्दल ऐकतो ते जाळपोळीच्या, छळाच्या कथा. त्या आहेतच. पण मला आज त्यातला एक कागद दाखवायचा आहे जो त्यामानाने साधा दिसतो. १४ एप्रिल १७३६ चं इन्क्विझिशनचं फर्मान. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर जे पुस्तक लिहिलं, त्यात या फर्मानाची सविस्तर माहिती मिळते.

या फर्मानात काय काय मना केलं आहे? लग्नात ओव्या गायच्या नाहीत. हळद लावायची नाही. लग्नविधीत पानसुपारी, फुलं हिंदू रीतीने द्यायची नाहीत. घरात, परसात तुळस लावायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. एकादशीचा उपास करायचा नाही. आणि माझ्या मते सगळ्यांत बोलका नियम म्हणजे, भात बिनमिठाचा शिजवायचा नाही. हिंदू लोक बिनमिठाचा भात शिजवतात, म्हणून तुम्ही मीठ घालून शिजवा!

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती बऱ्याचदा सुटते. हे फर्मान मुख्यतः कुणासाठी होतं? ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता त्यांच्यासाठी. म्हणजे ही माणसं चर्चमध्ये जात होती, बाप्तिस्मा झालेली होती, कित्येक घरं चार-पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती होती. धर्म बदलला होता, पण हळद बदलली नव्हती. आई जशी भात शिजवायची तसाच मुलगी शिजवत होती. त्या बाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, यात कसला आला धर्म, आमच्याकडे असाच करतात. सरकारला मात्र त्या पातेल्यात बंड दिसत होतं.

मग पुढचा प्रश्न येतो, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. भातात मीठ आहे की नाही हे सरकारला कळणार कसं?

देऊळ पाडलं तर ते सगळ्यांना दिसतं. मिरवणूक बंद केली तर रस्त्यावर दिसतं. पण भात घरात शिजतो. ओवी माजघरात गायली जाते. तिथे काय चाललंय हे समजण्यासाठी सरकारला एकच मार्ग असतो, तो म्हणजे घरातल्या कुणीतरी, शेजारच्या कुणीतरी, कामाला येणाऱ्या कुणीतरी येऊन सांगायला हवं. इन्क्विझिशनची सगळी यंत्रणा यावरच उभी होती. माहिती असूनही न सांगणं हाच गुन्हा मानला जाई. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रार कुणी केली हे सांगत नसत. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. त्याला दमणमध्ये पकडून गोव्याला नेलं. सुटल्यावर त्याने १६८७ मध्ये आपली हकीकत छापली. ती वाचताना छळाच्या वर्णनापेक्षा आपल्याला जास्त बोचते ती ही गोष्ट की, कैद्यानेच आठवून आठवून सांगायचं, आपला गुन्हा काय असेल आणि आपल्याविरुद्ध कोण बोललं असेल.

अशा राज्यात शेजारी शेजाऱ्याकडे कसा बघत असेल, विचार करा. भांडण बांधाचं असेल, पण तक्रार तुळशीची करता येते. मोलकरणीचा पगार थकवला असेल, तर तिच्या हातात शस्त्र आहे. कायदा जेव्हा घरात शिरतो तेव्हा त्याला खबऱ्या लागतो. आणि एकदा खबऱ्याला किंमत आली की गावातला विश्वास संपतो. हे कुठल्याही एका धर्माचं वैशिष्ट्य नाही, त्या यंत्रणेचं आहे.

कुंकळ्ळी आणि वसई

लोकांनी काय केलं? तीन प्रकारांनी उत्तर दिलं.

काही लोक निघून गेले. देव घेऊन गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. तेव्हा नदीपलीकडचा तो मुलूख पोर्तुगीजांचा नव्हता. आज आपण गोव्याला सहलीला जातो आणि या देवळांत दर्शन घेतो, तेव्हा खरं म्हणजे आपण निर्वासितांच्या वस्तीत उभे असतो.

काही लोक लढले. १५ जुलै १५८३ रोजी साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात लोकांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारलं. त्यांत रुदोल्फ आक्वाविवा होते, जे आधी अकबराच्या दरबारात राहून आले होते. ही हिंसा होती, तिचं कौतुक करायला मी आलेलो नाही. पण त्याआधी त्या भागातली देवळं उद्ध्वस्त झाली होती हेही सांगायला हवं. नंतर काय झालं? गावच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे मारलं. बोलणी करायला बोलावून मारलं, हे कुंकळ्ळी आजही विसरलेली नाही.

उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला, ज्याला मराठी कागदपत्रांत फिरंगाण म्हणतात, तिथेही हेच राज्य होतं. वसई, साष्टी, ठाणे, चौल आणि इथून अगदी जवळचं करंजा, म्हणजे आजचं उरण. १७३७ ते १७३९ ची चिमाजी अप्पांची वसई मोहीम आपण शाळेत शिकलो. ती मोहीम फक्त धर्मासाठी झाली असं म्हणणं सोपं आहे, पण पुरं खरं नाही. मुलूख, महसूल, बंदरं ही कारणं होतीच. मात्र अणजूरच्या नाईक बंधूंसारखी स्थानिक माणसं वर्षानुवर्षं मराठ्यांना साष्टीत येण्याची गळ घालत होती, वाटा दाखवत होती, माणसं जमवत होती, त्यामागे लोकांच्या मनात साचलेला राग होता. एखादं राज्य बाहेरच्या फौजेने पडतं, पण आतल्या लोकांनी दार आधीच ढकलून ठेवलेलं असतं.

आणि इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वसईच्या शरणागतीच्या तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल असं कलम होतं. म्हणून आज वसईत चर्च आहेत, कुपारी समाज आहे, त्यांची सामवेदी बोली आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांत शांत आहे. लोकांनी नियम ऐकून घेतला आणि पाळला नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आजही 'रोस' असतो, नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालतात. 'चुडो' भरतात. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन लग्नांत उंबराचं पाणी आणतात. १७३६ च्या फर्मानाचं आयुष्य किती? इन्क्विझिशन गेलं, पोर्तुगीज गेले. हातातला चुडा अजून आहे.

हेतू चांगला असला तर?

आता तुम्ही म्हणाल, ते परकं राज्य, मध्ययुगातलं. हेतूच वाईट. ठीक आहे. मग ज्याचा हेतू चांगला होता असं दुसरं उदाहरण घेऊ.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. लोक पटापट मरत होते. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा केला. इवलासा कायदा, पण सरकारला वाटेल ते उपाय करण्याची मुभा देणारा. पुण्यात वॉल्टर रँड यांची नेमणूक झाली आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सोल्जरांकडून घरांच्या झडत्या सुरू झाल्या.

रोगी शोधायचा, त्याला इस्पितळात न्यायचं, घर धुऊन काढायचं, यात धर्मावर घाला घालण्याचा हेतू नव्हता. पण सोल्जर बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात जात होते. बायकांना परक्या पुरुषांसमोर तपासणीला उभं केल्याच्या तक्रारी होत होत्या. घरातली माणसं न सांगता उचलली जात होती. म्हणजे हेतू आरोग्याचा, पण माणसाला जे अनुभवायला मिळालं ते नेमकं तेच: परका माणूस उंबरठा ओलांडून आत, आणि 'थांब' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सोबतचे आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. मग टिळकांवर राजद्रोहाचा खटला, दीड वर्षाची शिक्षा. हे आपल्याला पाठ आहे. पण मुंबईतली पुढच्या वर्षीची घटना आपण विसरतो. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात, विणकर मुसलमानांच्या वस्तीत, प्लेगचं पथक एका आजारी मुलीला तपासायला गेलं. घरच्यांनी नकार दिला. त्यातून दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली.

पुण्यातला राग हिंदूंचा, मदनपुऱ्यातला मुसलमानांचा. दोघांचे धर्म वेगळे, सोवळं आणि पडदा या कल्पना वेगळ्या. राग मात्र एकच. आणि सरकारला अखेर काय कळलं? सक्तीच्या झडत्यांनी लोक रोगी लपवतात. माळ्यावर लपवतात, गावाला पाठवतात, आणि रोग गावोगाव जातो. पुढे सरकारने सक्ती सैल केली, जातीजमातींना स्वतःची इस्पितळं काढू दिली, लोकांच्याच पुढाऱ्यांना सोबत घेतलं. त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः दवाखान्यात नेलं, त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोगी दवाखान्यात नेण्याचं काम दोघांनीही केलं, सोल्जरनेही आणि सावित्रीबाईंनीही. फरक कशात होता ते मी सांगायला नको.

आपलं राज्य, आपला कायदा

आता तिसरं उदाहरण. हे परक्या राज्याचं नाही. आपण निवडून दिलेल्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याचं आहे. इथे जरा शांतपणे ऐका, कारण विषय निघाला की माणसं लगेच दोन बाजूंना जाऊन बसतात.

महाराष्ट्रात प्राणी रक्षण कायदा १९७६ चा आहे. गाईच्या कत्तलीवर बंदी त्यातच होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली थेट २०१५ च्या फेब्रुवारीत. मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस, रेडा त्यात नव्हते.

घटनेत अनुच्छेद ४८ आहे. राज्याने गाई-वासरं, दुभती व ओढकामाची जनावरं यांची कत्तल थांबवण्यासाठी पावलं उचलावीत असं ते मार्गदर्शक तत्त्व सांगतं. गंमत बघा, घटना समितीत या मागे धार्मिक भावना होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण अनुच्छेदाची भाषा शेतीची आणि पशुसंवर्धनाची आहे. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की गाईंच्या कत्तलीवर पूर्ण बंदी चालेल, पण कामातून गेलेल्या बैलांवरही सरसकट बंदी वाजवी नाही. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी ते बदललं आणि गुजरातची पूर्ण बंदी वैध ठरवली. म्हणजे महाराष्ट्राच्या २०१५ च्या बंदीला कायद्याचा आधार होता. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा होता. कामातून गेलेला बैल विकून त्या पैशात नव्याची भर घालायची, हे त्याचं वर्षानुवर्षांचं गणित. ते मोडलं. त्यात मराठवाड्यात दुष्काळ. खाटीक आणि कुरेशी समाजाचा रोजगार गेला. या सगळ्यावर मोर्चे निघाले, याचिका झाल्या.

पण आपल्या आजच्या विषयाचं कलम वेगळंच आहे. ५-ड. त्यात म्हटलं होतं की, राज्याबाहेर कत्तल झालेल्या गाय, बैल, वळू यांचं मांसही कुणी महाराष्ट्रात जवळ बाळगायचं नाही. म्हणजे जिथे ते कायदेशीर आहे अशा ठिकाणाहून आणलेलं मांस तुमच्या घरात, फ्रिजमध्ये सापडलं, तरी गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत. आणि त्याच्या जोडीला ९-ब: आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचं.

आता आठवा गोव्याचा भात. पातेल्यात काय आहे हे सरकारला कळणार कसं?

मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. ६ मे २०१६ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी निकाल दिला. त्यांनी कत्तलबंदी कायम ठेवली. राज्यात बेकायदा कत्तल झालेल्या जनावराचं मांस बाळगण्याचा गुन्हाही ठेवला, पण ते तसं आहे हे माहीत असून बाळगलं असेल तरच, अशी मर्यादा घातली. कलम ५-ड मात्र रद्द केलं. माणसाने आपल्या घरात काय खावं यात राज्याने शिरणं हा त्याच्या खासगी आयुष्यावरचा घाला आहे, तो घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये बसत नाही, असं कारण दिलं. ९-बसुद्धा रद्द झालं.

त्या वेळी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही हा प्रश्नच सर्वोच्च न्यायालयात मोठ्या पीठाकडे गेलेला होता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने 'आहे' असं सांगितलं. त्यातल्या न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं, त्याचा आशय असा की काय खावं, काय घालावं, कुणाशी संबंध ठेवावेत हे सरकारने सांगावं असं कुणालाच आवडणार नाही. राज्य सरकारने उच्च न्यायालयाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. म्हणजे वाद सुरू राहिला. पण २०१६ च्या निकालाने एक रेषा आखून दाखवली: कत्तलखाना आणि बाजार यांचं नियमन राज्य करू शकतं, ताटापर्यंत यायचं असेल तर त्याला फार सबळ कारण लागेल.

तीन प्रश्न

या तीन उदाहरणांतून आपण काय न्यायचं? कुठलाही नवा कायदा किंवा फतवा आला की मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारून बघा.

पहिला: मी हे माझ्या घरात केलं तर दुसऱ्या कुणाचं काय नुकसान होतं? मन दुखावणं हे मी नुकसान नाही असं म्हणत नाही, पण शेजाऱ्याच्या ताटात काय आहे हे मुद्दाम वाकून बघितल्यावर दुखावलेलं मन, हे जरा वेगळं प्रकरण आहे.

दुसरा: हा कायदा अमलात आणायला घरात कोण शिरणार? आणि त्याला टीप कोण देणार? कायद्याच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं, पण अनुभव येतो तो त्याचाच. जिथे टीप देणाऱ्याला प्रतिष्ठा मिळते, तिथे थोड्याच दिवसांत हवालदाराचीही गरज उरत नाही. लोक स्वतःच गाड्या अडवू लागतात, डबे उघडू लागतात.

तिसरा: सिद्ध कुणी करायचं? सरकारने माझा गुन्हा, की मी माझं निर्दोषत्व?

हे प्रश्न धर्म बघून बदलत नाहीत. इराणमध्ये १९३६ साली रझा शाहच्या सरकारने बायकांच्या डोक्यावरचा पडदा उतरवण्याचा हुकूम काढला, आणि पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी ओढत होते. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथेच पडदा सक्तीचा झाला, आणि पोलीस पदर नीट नाही म्हणून बायकांना गाडीत घालू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची मुलगी अशा अटकेनंतर मेली आणि सगळा देश रस्त्यावर आला. एकदा पडदा काढा म्हणून, एकदा घाला म्हणून. हुकूम उलटे, पण बाईच्या डोक्यापर्यंत पोचलेला हात तोच.

असंतोष पेटतो तो बऱ्याचदा धर्मतत्त्वावरून नाही. तो पेटतो दारावर झालेल्या अपमानावरून. हे ज्या सरकारला वेळीच कळतं, ते वाचतं.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: मग सरकारने धर्मात अजिबात ढवळाढवळ करू नये का? सतीबंदी, जादूटोणाविरोधी कायदा हेही हस्तक्षेपच होते.*

फार चांगला प्रश्न. १८२९ ची सतीबंदी, १८९१ चा संमतिवयाचा कायदा, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा, या सगळ्यांना 'धर्मात ढवळाढवळ' म्हणून विरोध झाला. माझा पहिला प्रश्न त्यांना लावून बघा. दुसऱ्याचं नुकसान होतं का? चितेवरची बाई आहे, दहा वर्षांची मुलगी आहे, मांत्रिकाने डाग दिलेला रोगी आहे. कायदा तिथे दारात शिरतो तो आतल्या दुबळ्या माणसाला वाचवायला. रायगड जिल्ह्यातल्या लोकांना दुसरं उदाहरण सांगायलाच नको. गावकीने घरं वाळीत टाकण्याचे प्रकार इथे किती झाले! बोलायचं नाही, किराणा द्यायचा नाही, लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही. त्याविरुद्ध राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. हासुद्धा रोजच्या जगण्यावरच्या बंधनाचा विषय, फक्त बंधन घालणारी गावकी होती. तिथे सरकार आलं ते बंधन तोडायला. म्हणून सरकारने दूर राहावं असं मी म्हणत नाही. ते कुणाच्या बाजूने उंबरठा ओलांडतंय ते बघा, एवढंच म्हणतो.

*प्रश्न: ठरावीक दिवशी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश महापालिका काढतात. एक दिवसाने काय बिघडतं?*

एका दिवसाने कुणी उपाशी मरत नाही, हे खरं आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादची पर्युषणातली नऊ दिवसांची बंदी, मुदत थोडी आहे म्हणून मान्यही केली होती. तरीही २०१५ मध्ये मुंबई-मिरा भाईंदरला आणि २०२५ मध्ये १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीत या आदेशांवरून वाद झालाच. दुकान बंद ठेवणं हे बाजाराचं नियमन आहे, स्वयंपाकघराचं नाही, म्हणून मी ते ५-ड च्या पंगतीत बसवणार नाही. पण ज्याचं पोट त्या दुकानावर आहे त्याला विचारून, त्याची भरपाई बघून ठरवता येतं की नाही? आणि एका समाजाच्या सणाला जे मागतो ते उद्या दुसऱ्याने मागितलं तर देणार का? याचं उत्तर 'हो' असेल तरच पहिली मागणी रास्त.

*प्रश्न: सामान्य माणसाने काय करायचं? आपण तर कायदे करत नाही.*

कायदे करत नसलो तरी टीप देणं न देणं आपल्या हातात आहे. मी सुरुवातीला शनवार तेल्यांची गोष्ट सांगितली. त्या गावांना घटना माहीत नव्हती, मूलभूत हक्क माहीत नव्हते. शेजाऱ्याचा घाणा शनिवारी बंद असतो, एवढं माहीत होतं. म्हणून ते तेल शुक्रवारी आणत. आपल्याला तेवढं जमलं तरी पुष्कळ आहे.